'घरी इंग्रजी बोला' : बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका घराचं प्रकरण

शेरा

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. पालकसभेत आईच्या हाती जो शेरा आला त्याचा आशय असा: मुलगी शांत आहे, धडा नीट वाचते, पण स्वतःच्या शब्दांत उत्तर देत नाही. घरात मराठी बोलली जाते, म्हणून इंग्रजी कच्चं राहिलं. पालकांनी घरी इंग्रजीत बोलावं.

घरच्यांनी सल्ला मनापासून पाळला. सहा-सात महिन्यांनी मुलगी शाळेत होती तशीच होती. घरात मात्र ती बोलेनाशी झाली होती. विचारलं तर मान हलवायची, नाहीतर 'यस' म्हणून उठून जायची. या टप्प्यावर ती माझ्याकडे आली.

मी बडोद्यात वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करते. मराठी घरांतली मुलं येतात, गुजराती घरांतली येतात, सिंधी घरांतलीही. सगळ्यांच्या दप्तरात हाच शेरा असतो, फक्त भाषेचं नाव बदलतं. घरात अमुक बोलता म्हणून इंग्रजी येत नाही, ही सांगड इतकी सवयीची झाली आहे की ती तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही. या प्रकरणात ती तपासता आली. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर

जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतला तिसरा मजला. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. शालेय शिक्षण मराठी शाळेत, पदवी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. आजी मूळची इथलीच. वडील बडोद्यात वाढले, पण गुजराती माध्यमात शिकले आणि आता मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. आई जळगावची, मराठीतून बी.कॉम. झालेली.

'तुमच्या घरी कोणती भाषा?' असं विचारलं की पाचही जण 'मराठी' म्हणतात. मी तो प्रश्न बाजूला ठेवला. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं, काल शाळा सुटल्यापासून रात्री झोपेपर्यंत मुलीशी कोण, कशाबद्दल, किती वेळ बोललं? आणि शाळेचा सल्ला यायच्या आधी हेच कसं होतं?

तेव्हा वेगळंच चित्र निघालं. आजी-आजोबांशी मराठी, तीही बडोद्याची. त्या घरात वाटीला 'वाटकी' म्हणतात, पेन्सिल 'छोलतात' आणि एखादी वेळ सोयीची असेल तर ती 'फावते'. वडिलांशी घरात मराठी, पण स्कूटरवर बसली की बापलेक गुजरातीत सुरू होतात. असं का, ते दोघांनाही सांगता आलं नाही. शेजारच्या मासींकडे आणि खाली खेळताना गुजराती. टीव्हीवर कार्टून हिंदी. आई रोज रात्री जळगावला फोन लावते तेव्हा ती आणि तिची आई अहिराणीत बोलतात. मुलगी शेजारीच लोळत असते आणि तिला सगळं कळतं. हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी विचारलं तेव्हा मुलीने आजीच्या अहिराणीची अशी हुबेहूब नक्कल केली की आईच चकित झाली.

म्हणजे आठ वर्षांचं हे पोर मराठी, गुजराती, हिंदी या तीन भाषा बोलतं, चौथी समजतं आणि पाचवीत शाळा शिकतं. शेऱ्यात यातलं एकच नाव होतं, तेही दोष म्हणून.

आजोबांना शाळेचा सल्ला पहिल्यापासून खटकला होता. त्यांनी मला सयाजीरावांची गोष्ट ऐकवली. बडोद्यातल्या मराठी घरात ती चुकत नाही. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून राजवाड्यात आणला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. मग मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच सुरू झाल्या. पुढे याच राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९३१ साली आठ भाषांचा प्रशासकीय शब्दकोश काढला. आजोबांचं म्हणणं, चार भाषांनी राजाचं काही बिघडलं नाही, मग माझ्या नातीचं काय बिघडणार?

स्वयंपाकघरातून सूनबाईंचं उत्तर आलं, "बाबा, महाराजांना एलियटसाहेब होते शिकवायला."

मला ते उत्तर बिनतोड वाटलं. आजोबाही हसले.

आईची बाजू

अशा प्रकरणांत आईला 'इंग्रजीच्या मागे लागलेली' ठरवणं फार सोपं असतं. मी ते करणार नाही. लग्नानंतर या बाईंनी नोकरीसाठी एका दवाखान्यात स्वागतकक्षाची मुलाखत दिली होती. हिशेब येत होता, संगणक येत होता, गुजरातीही तोवर बऱ्यापैकी आली होती. इंग्रजीत दोन वाक्यं बोला म्हटल्यावर घशाला कोरड पडली आणि काम दुसरीला मिळालं. आपल्या मुलीवर ती वेळ येऊ नये असं त्यांना वाटतं, यात चूक काय?

त्यांनी मला थेट विचारलं, "ताई, तुमची मुलं कुठल्या माध्यमात होती?"

इंग्रजी, असं मी सांगितलं. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यामुळे या प्रकरणात माध्यम बदलण्याचा विषय मी काढला नाही. मुलीला चांगलं इंग्रजी यावं, हे आम्हा सगळ्यांना मान्य होतं. वाद होता तो एवढाच, की घरातली मराठी बंद केल्याने ते येतं का?

गंमत अशी की याच बाईंना शेजारच्या मासींच्या ओट्यावर बसून, भाजी निवडत निवडत वर्षभरात गुजराती आली होती. क्लास नाही, पुस्तक नाही. त्यासाठी त्यांना कुणी मराठी सोडायला सांगितलं नव्हतं.

रकाने

त्यांच्या आग्रहामागे आणखी एक कारण होतं. मुलीची आत्या न्यू जर्सीत असते. तिने फोनवर सांगितलं होतं, की इथे शाळेत नाव घालताना घरातली भाषा विचारतात, मी सरळ 'इंग्लिश' लिहून टाकलं, उगाच परीक्षा मागे लागायला नको. आईने त्यातून घेतलेला अर्थ असा, की अमेरिकेतसुद्धा घरची भाषा ही अडचणच मानतात.

तिथली व्यवस्था अशी आहे. शाळेत प्रवेश घेताना घरात कोणती भाषा बोलली जाते याचा अर्ज भरून घेतात. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली तर मुलाची इंग्रजीची एक चाचणी होते आणि गरज दिसली तर त्याला जादा मदत मिळते. पालकांना ती मदत नाकारताही येते. म्हणजे तो रकाना मुलाला मदत मिळावी म्हणून आहे. आत्याने 'इंग्लिश' लिहिलं आणि तिच्या मुलाची चाचणी टळली. त्याला मदतीची गरज होती की नव्हती, ते त्यामुळे कळलंच नाही.

पण अमेरिकी जनगणना खात्याच्या सर्वेक्षणातला प्रश्न मला त्याहून बोलका वाटतो. तिथे पाच वर्षांवरच्या प्रत्येकाबद्दल विचारतात, ही व्यक्ती घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलते का? उत्तर 'हो' आलं तर भाषेचं नाव विचारतात आणि मग इंग्रजी कितपत येतं ते विचारतात. पर्याय चार: फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. 'फार चांगलं' सोडून काहीही सांगितलं की ती व्यक्ती इंग्रजी अपुरं असलेल्यांत मोजली जाते. आणि जो घरी फक्त इंग्रजी बोलतो त्याला हा प्रश्न विचारतच नाहीत. त्याचं इंग्रजी उत्तम आहे असं धरूनच चालतात. अमेरिकेत मतपत्रिका कोणत्या भाषांत छापायच्या वगैरे ठरवायला हे गृहीतक चालून जातं. दांडिया बाजारातल्या तिसरीच्या मुलीला लावलं की फसतं. घरी इंग्रजी बोललं म्हणजे इंग्रजी चांगलं, या उलट्या समजुतीवरच शाळेचा सल्ला उभा होता.

आपल्याकडचा रकाना वेगळ्याच कारणाने तोकडा पडतो. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली, आणि तिच्याखेरीज येणाऱ्या भाषा जास्तीत जास्त दोन. कितपत येते हे विचारलंच नाही. देशभरात इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम २.६ लाख निघाले. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे धरले तर एकूण सुमारे १२.९ कोटी. या घरातल्या वडिलांनी आपलं उत्तर काय दिलं असेल? मातृभाषा मराठी, इतर भाषा गुजराती आणि हिंदी. जागा संपली. कारखान्यात यंत्रांची इंग्रजी माहितीपत्रकं वाचून काम चालवणारा माणूस इंग्रजीच्या आकड्यात आलाच नाही. मुंबईतल्या एखाद्या घरात हाच माणूस मराठी, हिंदी, इंग्रजी असा सहज मावला असता. बडोद्यात गुजराती मधे आली की इंग्रजी बाहेर पडते.

शाळेच्या प्रवेशअर्जावर तर एकच रकाना होता. तिथे 'मराठी' लिहिलेलं होतं आणि शेरा त्याच रकान्यावर बेतलेला होता.

तपासणी

आधी कान आणि डोळे. ही पायरी मी कधीच गाळत नाही. अर्धवट ऐकू येणारी मुलं 'लक्ष देत नाही' या शिक्क्याखाली वर्षानुवर्षं वाया गेलेली पाहिली आहेत. दोन्ही व्यवस्थित होतं.

मग तिच्याच पुस्तकातला एक धडा वाचायला दिला. गावात पाणी नाही, लोक मिळून तळं खोदतात, असा. तिने तो न अडखळता वाचला. उच्चार स्वच्छ, पूर्णविरामाला थांबा. दुरून ऐकणाऱ्याला वाटावं, हिला इंग्रजी छान येतं. मी विचारलं, लोकांनी तळं का खोदलं? तिने प्रश्नातला 'तळं' हा शब्द धड्यात बोटाने शोधला आणि ज्या वाक्यात तो होता ते वाक्य वाचून दाखवलं. उत्तर चुकीचं होतं, कारण पाण्याचा शब्द आधीच्या वाक्यात होता.

ही युक्ती मी पुष्कळ मुलांकडे पाहिली आहे आणि ती बिनकामाची नाही. तिसरीपर्यंतच्या प्रश्नपत्रिकांतले प्रश्न धड्यातल्याच शब्दांत असतात, त्यामुळे शब्द जुळवून वाक्य उतरवलं की गुण मिळतात. मुलीने शाळेचं गणित बरोबर ओळखलं होतं. ती अडली ती पुस्तकाबाहेरचा प्रश्न आल्यावर.

मग तोच धडा मी तिला वाचायला न देता इंग्रजीत सावकाश वाचून दाखवला. तरीही फार काही कळलं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं, असं सूत्र गफ आणि टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं. गुणाकार असल्यामुळे यातलं एक शून्याजवळ गेलं की दुसरं कितीही मोठं असून उपयोग नाही. या मुलीची अक्षरं पक्की होती. कमी होती ती भाषा, आणि घोकून घेतलेल्या वाचनाखाली ती उणीव झाकली गेली होती.

शेवटी चित्रांची गोष्ट. उत्तरायणाची चार चित्रं: अगाशीवर पतंग उडवणारा मुलगा, झाडात अडकलेला पतंग, बांबूने तो काढून देणारे आजोबा, आणि फाटलेला पतंग चिकटवून पुन्हा उडवणं. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन भाषांत सांगायला लावली.

गुजरातीत ती सुसाट सुटली. "पछी दादाए गुंदरपट्टी लगाडी" (मग आजोबांनी चिकटपट्टी लावली) म्हणताना हाताने पट्टी फाडूनही दाखवली. पण आजोबांनी बांबूच का घेतला, मुलाला काय वाटलं असेल, असं विचारलं की गाडी अडायची. खेळातली भाषा पक्की होती, पण एखाद्या गोष्टीचं कारण सांगायची भाषा नव्हती. मराठीत वाक्यं लांब, पण मधेच थांबून माझ्या तोंडाकडे पाहायची. घरात मराठी बोलू नये, हे तिला ठाऊक होतं. इंग्रजीत तीन शब्द आले: बॉय, काइट, ट्री.

यावरून मी घरच्यांना सांगितलं ते एवढंच. मुलीची बुद्धी उत्तम आहे, कान-डोळे ठीक आहेत, वाचनाचं यंत्र ठीक आहे. 'कारण', 'म्हणून', 'पण', 'तरीसुद्धा' लावून चार वाक्यं सलग बोलण्याची सवय तिला कुठल्याच भाषेत पुरती लागलेली नाही. मराठीत ती लागत होती आणि गेल्या सहा-सात महिन्यांत ती तुटली.

'कम', 'ईट', 'फास्ट'

ती कशी तुटली हे पाहायला मी एक संध्याकाळ त्यांच्या घरी बसले. आईचं इंग्रजी म्हणजे हुकूम होते. कम. ईट. फास्ट. होमवर्क डन? शूज कीप प्रॉपरली. यात आईचा दोष नाही. जेवढं येतं तेवढंच माणूस बोलणार. पण त्यामुळे मायलेकींमध्ये गप्पा होईनात. पूर्वी डबा धुताना शाळेतली भांडणं निघायची, आता 'टिफिन फिनिश्ड?' आणि 'यस' एवढ्यावर विषय संपत होता.

आजीचं तर त्याहून वाईट झालं. त्या मला म्हणाल्या, "मला गो आणि कम एवढंच येतं. मग मी म्हटलं, पोरीचं नुकसान नको, आपण गप्पच बसावं." रोज रात्री गोष्ट सांगणारी बाई नातीच्या भल्यासाठी गप्प बसली होती. घरात सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त शब्द जिच्याकडे, तीच सल्ल्यातून बाद झाली. शाळेने 'आजीने बोलू नये' असं म्हटलं नव्हतं हे खरं. पण 'घरी इंग्रजी बोला' या वाक्याचा दुसरा अर्थ आजीसाठी काय होणार होता?

आणि एका माणसाकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. सयाजीराव विद्यापीठ १९४९ पासून इंग्रजी माध्यमाचं. आजोबांनी पदवी इंग्रजीतूनच घेतली होती आणि रोज सकाळी ते इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांना इंग्रजी बोलायची सवय नाही, संकोच आहे, म्हणून घरात ते 'इंग्रजी न येणाऱ्यांत' जमा होते. स्वतः आजोबाही स्वतःला तिथेच जमा करत होते.

वर्गात

शाळेच्या परवानगीने एक तास वर्गात मागे बसले. बाई कष्टाळू होत्या, वर्ग गच्च भरलेला होता. धडा इंग्रजीत वाचला जाई, त्याचा अर्थ गुजरातीत आणि हिंदीत सांगितला जाई, मग प्रश्नोत्तरं फळ्यावर इंग्रजीत येत आणि मुलं ती उतरवून घेत. गुजरातीत समजावणं मला अजिबात गैर वाटत नाही, उलट मुलांना धडा कळत होता तो तेवढ्याचमुळे. फक्त त्या तासाभरात एकाही मुलाने स्वतः रचलेलं एकही इंग्रजी वाक्य उच्चारलं नाही. जी गोष्ट शाळेत होत नव्हती ती जळगावच्या मराठी शाळेत शिकलेल्या आईने स्वयंपाक करता करता घडवावी, अशी अपेक्षा होती.

बाईंशी नंतर मोकळेपणाने बोलणं झालं. "आम्हालाही वरून सांगतात की वर्गात इंग्रजीतच बोला," असं त्या म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही.

काय ठरवलं

घरातली बंदी उठवली. पण नुसती बंदी उठवून भागत नाही, आईच्या धास्तीला काहीतरी काम द्यावं लागतं. म्हणून भाषा माणसांवर आणि वेळांवर वाटून दिल्या.

आजीची गोष्ट पुन्हा सुरू झाली, एका अटीवर. गोष्ट सांगताना आजोबांनी खोलीत असायचं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने ती आजोबांना सांगायची. त्यांना ती खरोखरच माहीत नसल्याने ते खरे प्रश्न विचारतात: मग तो परत का गेला? तुला कसं कळलं? ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला गोष्ट सांगायला मुलं कंटाळतात. हा एक बदल मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो, आणि त्याला खर्च शून्य.

इंग्रजी आजोबांकडे गेलं. सकाळच्या पेपरातलं एक छायाचित्र आणि त्याखालची ओळ. आजोबा ओळ इंग्रजीत वाचणार, दोघं तिच्याबद्दल मराठीत बोलणार, शेवटी मुलीने त्या चित्राबद्दल एक इंग्रजी वाक्य स्वतः बनवायचं. चुकलं तर आजोबांनी ते सुधारायचं नाही, तेच वाक्य बरोबर करून सहज पुन्हा म्हणायचं. आजोबांना हे फार जड गेलं. त्यांच्या पिढीला चूक दिसली की लाल शाई आठवते.

आईने हुकूम देणारं इंग्रजी थांबवायचं आणि रात्री एक पुस्तक एकत्र वाचायचं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक भाषांत फुकट मिळते. आधी मराठीत वाचायची, त्यावर बोलायचं, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत. गोष्ट आधीच माहीत असल्याने मुलीची सगळी ताकद इंग्रजी वाक्याकडे लागते. याचा जोडफायदा असा झाला की आईचंही वाचन सुरू झालं. पहिल्या रात्री त्यांनी मराठीतलं वाचून इंग्रजीतलं मुलीकडून वाचून घेतलं. पुढे पुढे एक पान तू, एक पान मी असं झालं.

वडिलांनी स्कूटर चालू ठेवायची. सिग्नलला दिसणाऱ्या गुजराती पाट्या तिच्याकडून वाचून घ्यायच्या. २०२३ च्या कायद्याने गुजरातेतल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे ती परीक्षाही तिला आहेच. बोलायची गुजराती उत्तम असूनही तिचं गुजराती लेखन मागे होतं, कारण घरात गुजराती अक्षर कुठेच नव्हतं. देवनागरी येणाऱ्याला गुजराती लिपी जड नाही. शिरोरेघ गेली, थोडी अक्षरं बदलली, 'ळ' तर दोन्हीकडे आहेच.

शाळेकडे मी दोनच मागण्या केल्या. तिला उत्तर आधी गुजरातीत किंवा हिंदीत तोंडी सांगू द्यावं, मग इंग्रजीत. आणि तिने हात वर केला की जरा थांबावं, लगेच दुसऱ्या मुलाकडे वळू नये. पहिली मान्य झाली. दुसऱ्या मागणीवर बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि एवढ्या मुलांत त्यांचं ते बरोबरही होतं.

जोडीला दोन इंग्रजी वाक्यं मात्र तिच्याकडून घोकून घेतली: 'मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?' आणि 'याचा अर्थ काय?' घोकंपट्टीला माझा सरसकट विरोध नाही. ही दोन वाक्यं तोंडात तयार असली की मूल वर्गात मदत मागू शकतं.

पुढे

पहिले काही आठवडे काहीच दिसलं नाही. आईचा धीर सुटत चालला होता. मग एक दिवस आजोबांचा फोन आला, की आजीच्या गोष्टीतल्या म्हातारीचं वागणं आपल्याला पटलं नाही म्हणून नातीने वाद घातला, "कारण ती आधी असं बोलली होती आणि मग तसं का केलं?" मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. 'कारण', 'आधी', 'मग' आणि 'का' एका दमात आले होते.

इंग्रजीत सत्र संपेपर्यंत ती वाक्यं बनवायला लागली. त्यात 'व्हाय यू आर लेट?' सारखी भरपूर होती. मराठीत 'तू उशिरा का आलास' असं विचारताना कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल होत नाही, तीच सवय इंग्रजीत उतरते. आई या चुकांनी अस्वस्थ होतात. मला त्या चुकांत प्रगती दिसते, कारण उतरवून घेतलेल्या उत्तरांत अशा चुका होत नाहीत. इंग्रजीचे गुण जवळपास पूर्वीएवढेच राहिले. परिसर अभ्यासाचे वाढले, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

किती दिवसांनी इंग्रजी 'नीट' येईल, हा प्रश्न आई प्रत्येक भेटीत विचारतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरितांच्या मुलांबद्दल सांगितलं आहे, की रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. पण त्या मुलांच्या भोवती मैदानात, दुकानात, बसमध्ये इंग्रजी होतं. आमच्या मुलीभोवती गुजराती आहे. तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि कमी वेळ लागेल अशी आशा दाखवणं तर अप्रामाणिकपणाच होईल.

सगळं जमलं असंही नाही. दिवाळीनंतर आईने एक इंग्रजी संभाषणाची शिकवणी लावली. मला विचारून लावली, मी नको म्हटलं, तरी लावली. तिथे मुलं शनिवारी 'माझी सहल' वगैरे विषयांवर तयार भाषणं पाठ करतात. मुलीला ते आवडतं, मैत्रिणी भेटतात. आजीची गोष्ट आणि आजोबांचा पेपर त्यामुळे बंद पडलेला नाही, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

आता नवी अडचण शाब्दिक गणितांची आहे. बेरीज-वजाबाकी चोख, पण 'राजूकडे रीनापेक्षा पाच जास्त' असं इंग्रजीत आलं की ती पाच मिळवते, कोणाला मिळवायचे ते पाहत नाही. मराठीत तेच गणित घातलं तर दहापैकी बहुतेक वेळा बरोबर. म्हणजे इथेही आधी भाषा सोडवायची आहे. पुढच्या सत्रात वडील स्कूटरवर अशी गणितं गुजरातीत घालणार आहेत, आणि बाईंनी आठवड्याला एक गणित वर्गात चित्र काढून सोडवून घ्यायचं कबूल केलं आहे.